फुल फ्रेम कॅमेरा सोलून काढायचा कसा: एक बॉडी, एक लेन्स आणि मराठवाड्याचं ऊन

माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर वायरमनची काळी टेप चिकटवलेली आहे. स्क्रीन फुटलाय म्हणून नाही. तो व्यवस्थित चालतो, आणि चालतो म्हणूनच झाकून ठेवावा लागतो.

कॅमेरा म्हणजे पहिला कॅनन ५डी, २००५ साली आलेला. त्यात व्हिडिओ नाही. स्क्रीनवर बघत फोटो काढायची सोय नाही. वाय-फाय नाही, माणसाचा डोळा ओळखणारा फोकस नाही, सेन्सरवरची धूळ आपली आपण झटकायची यंत्रणाही नाही. १२.८ मेगापिक्सेल, सेकंदाला ३ फोटो, आयएसओ १६०० आणि फारच ताणलं तर ३२००. मोबाइलच्या दुकानातल्या पाटीपुढे हे आकडे अगदीच गरीब. पण सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या रोलच्या एका चौकटीएवढा (यालाच फुल फ्रेम म्हणतात), आणि डोळा लावायची काच अशी मोठी नि स्वच्छ की ओसरीच्या दारात उभं राहून अंगण बघावं.

लग्नसराईत माझ्या गळ्यात दुसरा, नवा कॅमेरा असतो. हळदीच्या धक्काबुक्कीत नवरीचा डोळा धरून ठेवणारा त्याचा फोकस ही देणगीच आहे. ती मी सोडणार नाही. पार्टी पैसे देते ते फोटो चुकवायला नाही. पण ज्या दिवशी लग्नाची तारीख नसते, त्या दिवशी अंबाजोगाईच्या बाजारात किंवा आसपासच्या वाड्या-तांड्यांवर मी हा जुना ठोकळा घेऊन हिंडतो. भुईमुगाची शेंग सोलावी तसा हा कॅमेरा सोललेला आहे. टरफल टाकून दिलं की हातात चारच दाणे राहतात: ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट) आणि फोकस. हे सोलणं कोणत्याही फुल फ्रेम कॅमेऱ्यावर करता येतं, तुमच्याकडे आधीच असलेल्यावरसुद्धा. कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी बॉडी

कमी सोयींचा फुल फ्रेम हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. कंपन्यांनीही ते करून बघितलंय. निकॉनने २०१३ साली डीएफ काढला, वर गोल चकत्या आणि व्हिडिओ मुद्दाम गाळलेला. लायकाने २०१६ साली एम-डी आणला. पाठीवर स्क्रीनच नाही, त्या जागी आयएसओची चकती. सिग्माचा २०१९चा एफपी बॅटरीशिवाय ३७० ग्रॅमचा, त्यात यांत्रिक शटरही नाही. त्याच कंपनीचा २०२५चा बीएफ तर ॲल्युमिनियमच्या एका सलग ठोकळ्यातून कोरून काढलेला, मोजकीच बटणं आणि कार्डाच्या खाचेऐवजी आतच साठवण. आमच्याकडे वेरूळला आठव्या शतकात अख्खं देऊळ एका खडकातून वरून खाली कोरून ठेवलंय, त्यामुळे कोरण्याचं अप्रूप मला बेताचंच. पण कल्पना आवडली.

यातले बरेच आपल्या खिशाबाहेरचे. म्हणून सेकंडहँड. माझी निवड पहिला ५डी असली तरी पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी तो सुचवत नाही. त्याला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं, ते आता गावात मिळत नाही, आणि वाकडं घुसवलं तर आतल्या बारीक पिना वाकतात. त्यापेक्षा २०१२चा कॅनन ६डी घ्या. २० मेगापिक्सेल, साधं एसडी कार्ड, अंधारात मधला फोकस बिंदू चांगला पकडतो. निकॉनवाल्यांनी डी६१० किंवा डी७५० बघावा. यांच्यासारखा आत आरसा असलेला कॅमेरा नकोच असेल तर २०१९चा कॅनन आरपी बॅटरी-कार्डासकट ४८५ ग्रॅमचा आहे, तोही सोलता येतो.

घेताना काय बघायचं? मोबाइलची बॅटरी लावून लेन्सच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे, सौदा सोडा. ॲपर्चर एफ १६ करून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती निघते, पण भाव पाडायला उपयोगी पडते. ५डी आणि ६डी दोघांचंही शटर १ लाख वेळा चालेल अशा हिशेबाने बनवलेलं आहे, तेव्हा विकणारा लग्नाचं काम करत होता का हे गप्पांत काढून घ्या. पहिल्या ५डीत काही नगांचा आरसा गोंद सुटून निखळत असे. दुरुस्ती झालीय का ते विचारा. या ५डीतली तारीख सारखी शून्यावर येत असेल तर घाबरू नका. आत वेगळा बटण-सेल असतो, तो बदलला की काम झालं. आणि मागचा स्क्रीन पिवळट पडलाय म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर आनंदाने घ्या. आपण तो झाकणारच आहोत.

लेन्स एकच

५० मिलिमीटर, एफ १.८. मिलिमीटर जेवढे जास्त तेवढी चौकट अरुंद. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळचं पकडते. फुल फ्रेमवर ५० म्हणजे खरंच ५० राहते. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स ८० च्या आसपास वागायला लागते, आणि माळवदाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी माणूस चौकटीत मावत नाही. फुल फ्रेमचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, धूसर पार्श्वभूमी नव्हे.

ज्यांना घरातलं, दुकानातलं, गर्दीतलं जास्त काढायचंय त्यांनी ३५ घ्यावी. दोन्ही घेऊ नयेत, निदान पहिले सहा महिने तरी. लेन्स बदलायची नाही ठरवलं की आणखी एक फायदा आपोआप होतो: मळणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेत जो भुसा उडतो तो कॅमेऱ्याच्या तोंडात जायला वाटच राहत नाही.

झूम विकून टाका असं मी म्हणत नाही. कपाटात ठेवा. नाथसागरावरचे पक्षी ५० मध्ये मुंगीएवढे येतात, त्या दिवशी लागेलच ती.

मेनूत एकदाच शिरायचं

रविवारी सकाळी चहा घेऊन बसा आणि हे एकदा उरकून टाका. पुन्हा मेनू उघडायचा तो कार्ड फॉरमॅट करायला.

फोटो फक्त रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न रांधलेली कच्ची फाइल. मोड एम, म्हणजे सगळे आकडे आपण लावायचे. ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर कायमचा ठेवा, म्हणजे संध्याकाळ पिवळी राहील आणि पावसाळी सकाळ निळसर. ऑटो त्या दोघांनाही एकाच रंगात धुऊन काढतो. रॉ असल्याने घरी बदलता येतंच. फोकस वन शॉटवर, म्हणजे एकदा धरला की तिथेच थांबणारा, बिंदू फक्त मधला. ५डीत नऊ बिंदू आहेत, पण आठांवर माझा फारसा विश्वास नाही. आवाज बंद. फोटो काढल्यावर तो दाखवायची सोय बंद. एकेक फोटो, धडाधड नाही. तारीख-वेळ नीट लावा, मालकाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घाला.

एक बदल मात्र आवर्जून करा: फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर आणा. कस्टम फंक्शनमध्ये ही सोय असते. पहिले दोन दिवस बोटं गोंधळतात. नंतर अंगठा म्हणजे फोकस आणि तर्जनी म्हणजे फोटो, ही दोन कामं वेगळी होतात. एकदा फोकस केलं की माणूस त्याच अंतरावर बसलेला असेपर्यंत पुन्हा करावं लागत नाही. वडापाव तळणाऱ्या बाईंचे वीस मिनिटांत सहा फोटो काढले तर फोकस एकदाच.

आता टेप. इन्सुलेशन टेपच घ्या. पॅकिंगची खाकी टेप उन्हात विरघळून चिकट राळ सोडते. आधी स्क्रीनवर कागदाचा तुकडा ठेवा आणि टेप फक्त कडांना लावा. ज्यांचा कॅमेरा आरशाचा नाही त्यांनी स्क्रीन उलटा वळवून बंद करावा.

ऊन पाठ करा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

कॅमेऱ्यातलं मीटर फार हुशार वाटतं, पण मुळात ते समोरच्या वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं, आणि समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून चालतं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर हे चालून जातं. मराठवाड्यात नाही. इथे जमीन काळी आणि त्यावर कापूस पांढरा. नोव्हेंबरात वेचणीच्या वेळी पट्ट्यात उभं राहा: चौकटीत कापूस जास्त आला की मीटर म्हणतं उजेड फार आहे, आणि कापूस मळक्या चादरीसारखा येतो. तेच दोन सरी पलीकडे नांगरलेलं रान घ्या, मीटर म्हणतं अंधार आहे, आणि काळी कसदार माती राखेसारखी फिकट पडते. वेचणाऱ्या मावशींच्या अंगावर मात्र दोन्ही फोटोंत तेच ऊन आहे. ऊन बदललं नाही, मग आकडे का बदलायचे?

म्हणून आकडे उन्हाचे लावायचे, वस्तूचे नाहीत. जुन्या रोलवाल्यांचा नियम सोपा आहे: लख्ख उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओएवढं. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. तेच एफ ८ ला नेलं तर १/४००. माझा कॅमेरा सकाळी दहा ते दुपारी चार याच आकड्यांवर असतो: १००, एफ ८, १/४००. कापूस, धोतर, गांधी टोपी असं पांढरं मोठं काही चौकटीत असेल तर १/५०० किंवा १/६४०, कारण डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं की त्यातला धागा परत मिळत नाही. सावली मात्र रॉ मधून थोडीफार उकरून काढता येते.

पांढरे विरळ ढग आले, सावलीच्या कडा मऊ झाल्या: १/२००. आषाढाचं गच्च आभाळ: एफ ४, १/२००. लिंबाच्या झाडाखाली, पारावर: आयएसओ ४००, एफ ५.६, १/२००. सकाळी सूर्य नुकताच वर आलेला असतो तेव्हा भर उन्हापेक्षा एक-दोन पायऱ्या जास्त उजेड द्या (एक पायरी म्हणजे दुप्पट). घरात दाराशी बसलेली आजी: आयएसओ ८००, एफ २.८, १/१२५. बस, एवढंच पाठ करायचं. मी सुरुवातीला हे आकडे पोस्टकार्डावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधले होते, मापाचं लेबल लावल्यासारखे.

टोपीखालचा चेहरा हा वेगळा प्रश्न आहे. मे महिन्यात बारा वाजता पांढरी टोपी आणि तिच्या सावलीतले डोळे दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत, कोणत्याही कॅमेऱ्यात फार चांगले येत नाहीत. सरळ म्हणायचं, "मामा, जरा सावलीला येता का?" ते नेहमी येतात. सावलीला बोलावलेलं कुणाला आवडत नाही?

सराव असा करा: आठ दिवस कॅमेरा न घेता फिरा आणि उजेड बघून आकडे मनात म्हणा. एसटीच्या खिडकीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही. मग मोबाइलवरच्या मीटरच्या ॲपवर ताडून बघा. पहिल्या दिवशी दोन-दोन पायऱ्यांची चूक होते. आठवड्यात ती अर्ध्यावर येते.

बाजारात: सात पावलं

आठवडी बाजारात अंगठ्याचा फोकससुद्धा सोडून द्यायचा. ५० मिलिमीटरला एफ ८ ठेवून ५ मीटरवर फोकस केला तर साधारण ३.४ मीटरपासून ९.६ मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. ५ मीटर म्हणजे माझी सात पावलं. बाजाराच्या तोंडाशी एखाद्या खांबापासून सात पावलं मागे या, खांबावर फोकस करा, लेन्सवरची कळ एमएफवर, म्हणजे हाताच्या फोकसवर, सरकवा आणि ती रिंग पुन्हा हलवू नका. ३५ मिलिमीटरवाल्यांनी ३ मीटर धरा, १.९ ते ७.३ मीटर पदरात पडतं.

आता कॅमेऱ्यात करायला काहीच उरलं नाही. ऊन ठरलेलं, अंतर ठरलेलं. फक्त चालायचं. मिरचीच्या ढिगापाशी थांबा. तराजूच्या बाजूला उभं राहा, तिथं हात सारखे येत-जात असतात. बैलांच्या बाजारात सौदा करणाऱ्यांचे हात उपरण्याखाली असतात, ते चेहऱ्यांपेक्षा जास्त बोलतात. चांगली जागा सापडली की ती सोडू नका, माणसं आपणहून चौकटीत येतात. कडांकडे लक्ष ठेवा: ५डीच्या काचेत ९६ टक्केच दिसतं, त्यामुळे कडेला न दिसलेली प्लास्टिकची पिशवी फोटोत हमखास येते.

किती फोटो? छत्तीस. माझ्याकडे ५१२ एमबीचं एक जुनं कार्ड आहे. ५डीची एक रॉ फाइल १३ एमबीच्या आसपास असते, म्हणजे त्या कार्डात साधारण ३६ फोटो मावतात, अगदी रोलएवढे. ते भरलं की मी घरी येतो. मोठं कार्ड असलेल्यांनी कागदावर खुणा करत मोजावं. छत्तीसची मर्यादा असली की दहावा फोटो काढताना हात थोडा थांबतो, आणि त्या थांबण्यातच समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघायचा सोडून कामाला लागतो.

टेपची एक मोठी अडचण आहे, ती लपवत नाही. गेल्या हिवाळ्यात केजच्या रस्त्याला एका बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचे दोन फोटो काढले.

"फोटू काढायलाव व्हय?"

"हो मामा, तुमचाच."

"मग दाखवा की."

मी कॅमेऱ्याची पाठ पुढे केली. त्यांनी टेपवरून अंगठा फिरवला. "ह्येच्यात काय दिसायलंय?"

"आत्ता नाही दिसत. कागदावर आणून देतो."

"म्हंजी मोडकाच हाय की. चांगला घ्यावं एखादा."

गावात फोटो काढल्यावर तो दाखवणं ही रीत झालीय, आणि ती चांगली रीत आहे. मोबाइलने ती आणली. तुम्ही ती मोडत असाल तर त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

माळवदाखाली आणि दिव्याखाली

फुल फ्रेमचा खरा कस घरात लागतो. जुन्या माळवदाच्या घरात छताच्या झरोक्यातून उजेडाचा एकच खांब खाली उतरतो. चुलीचा धूर असेल तर तो खांब डोळ्यांना दिसतो. माणसाला त्या उजेडात बसवू नका, त्याच्या कडेला बसवा, जमिनीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येईल असं. आयएसओ १६००, एफ २, शटर १/६०, कोपरं बरगड्यांना टेकवून. फोकस मधल्या बिंदूने जवळच्या डोळ्यावर, आणि फोकस केल्यावर कॅमेरा फार वळवू नका. एफ २ ला स्वच्छ भाग एवढा पातळ असतो की डोक्याची थोडी हालचाल झाली तरी डोळ्याऐवजी कान स्वच्छ येतो. १६०० ला दाणे दिसतात. दिसू द्या. कृष्णधवल केलं तर ते कापडाच्या पोतासारखे वाटतात.

संध्याकाळी हातगाड्यांवरचे एलईडी दिवे फसवे असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/५०० ला एक फोटो उजळ आणि दुसरा काळवंडलेला येईल आणि तुम्ही कॅमेऱ्याला शिव्या द्याल. एफपीसारख्या फक्त इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात तर आडवे पट्टे उमटतात. तो घेणार असाल आणि रात्रीचा बाजार तुमचा विषय असेल तर दोनदा विचार करा.

देवळाच्या गाभाऱ्यात कॅमेरा बंद करून खांद्याला लावायचा. तुळजापूर असो, औंढा असो की आमची योगेश्वरी. बाहेर ओवऱ्यांत काढायला पुष्कळ असतं.

एक दिवस वेरूळ

सोललेल्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. डोंगराचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी धावत जाऊ नका. दुपारनंतर ऊन लेण्यांच्या तोंडात शिरायला लागतं. तिपाईला परवानगी लागते. आपल्याला ती नकोच आहे.

कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, ५० मिलिमीटरमध्ये मावत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा याचा रागच आला होता. मग हत्ती काढला, फक्त हत्ती. ध्वजस्तंभाचा खालचा अर्धा भाग काढला. छिन्नीचे घाव तिरक्या उन्हात उठून दिसतात ते काढले. अख्खं देऊळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेच.

आवारात सावली असते आणि दगड काळा बेसॉल्ट. मीटर इथेही कापसाच्या उलट फसतं. आयएसओ २००, एफ ५.६, १/१२५ लावा आणि वरचं आभाळ पांढरं होऊ द्या. दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, आयएसओ १६००, एफ २, १/३० आणि पाठ खांबाला टेकलेली. श्वास सोडून झाल्यावर बटण दाबायचं, भरून घेतल्यावर नाही. तीन काढा, एक तरी न हललेला निघतो. फ्लॅश कुठेच नाही. अजिंठ्याच्या चित्रांपुढे तर तो मनाईच आहे.

धूळ, दमट हवा, डिक्की

यावर थोडक्यात. उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करा, तवा मात्र वेगळा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला देणाऱ्यांना तांदळाची भुकटी कुठं जाते ते विचारा. सेन्सर साफ करायचा तर बॅटरी पूर्ण भरून, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून, हाताने दाबायच्या ब्लोअरने. तोंडाने फुंकर मारली तर धुळीच्या जागी थुंकीचे ठिपके बसतात, आणि ते काढायला मग शहर गाठावं लागतं.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो बघू नका. मी एक आठवडा थांबतो. काढतानाचा उत्साह उतरला की वाईट फोटो वाईट दिसतो. रॉ फाइल उघडायला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, जुन्या संगणकावरही चालतं. उजेड थोडा, काळा थोडा, कडा सरळ. एका फोटोवर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर तो फोटो मुळातच जमलेला नाही.

छत्तीसमधले चार ठेवायचे. त्या चारांत ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्यासाठी चार बाय सहाचे प्रिंट काढायचे. लॅबवाल्याला आधीच सांगा की रंग उजळवू नको, चेहरा गोरा करू नको, आहे तसं छाप. हे दर वेळी सांगावं लागतं. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने वार आणि गाव लिहा.

प्रिंट पोचवण्यासाठी नाव-पत्ता विचारत बसू नका, लोक दचकतात. कुणी सरकारी माणूस आलाय असं वाटतं. "मामा, तुम्ही बाजारात कुठं बसता?" एवढं विचारलं की पुरतं. माणूस बदलतो, बसायची जागा बदलत नाही. बाजेवरच्या त्या गृहस्थांना प्रिंट द्यायला मी तीन आठवड्यांनी गेलो. ते नव्हते, त्यांची सून होती. तिने फोटो उजेडात धरून पाहिला, मग पदराने पुसला, आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीत ठेवून आली.

"टेपच्या कॅमेऱ्याचाच का हा?" तिने विचारलं. घरात माझा विषय निघालेला दिसत होता.

"त्याचाच."

"मग आमच्या दोघांचा बी काढा की. लेकरांना घेऊन."

आयएसओ ४००, एफ ५.६, १/२००. लिंबाखाली.